परकारभाईंची नवी गाडी

परकारभाईंची आणि माझी ओळख भांडणाने झाली, आणि भांडण झालं ते आमच्या एसीच्या पाण्यावरून.

अजमानला आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. यांची नोकरी दुबईत, पण दुबईचं घरभाडं ऐकूनच धाप लागायची, म्हणून अर्धी दुबई जशी झोपायला शारजा-अजमानला येते तसे आम्हीही आलो. तीन मजली बिल्डिंग, पहिल्या मजल्यावर आम्ही. एका दुपारी लेकीला, सईला, शाळेतून आणून मी जरा आडवी झाले होते, तर खिडकीबाहेर खरखर ऐकू आली. पडदा बाजूला केला तर काचेच्या पलीकडे एक टक्कल. शिडीवर उभा राहून एक दाढीवाला माणूस आमच्या एसीच्या मागे हात घालत होता. दातांत तार धरलेली.

"क्या करता है तुम?" मी खिडकी उघडून ओरडले.

त्याने दातांतली तार काढली आणि शांतपणे विचारलं, "वैनी, मराठी काय तुम्ही? हिंदीवरनं कळलं. तुमचं पाणी घेतोय."

"कुठलं पाणी?"

"एसीचं. फुकट ठिपकतंय ना खाली, लोकांच्या डोक्यावर."

मी म्हटलं, दुसऱ्याच्या घराला हात लावण्याआधी विचारायची पद्धत असते. ते त्याला पटलं. तो शिडीवरून उतरला, वळसा घालून जिना चढून आला, बेल वाजवली, आणि चपला बाहेर काढून अदबीने म्हणाला, "वैनी, तुमच्या एसीचं पाणी घेऊ का?" नळी तोवर लावून झाली होती. आता नाही म्हणून मी काय करणार होते?

हे अब्दुल रज्जाक परकार. दापोलीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. अजमानला बोटी दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात स्टोअरकीपर. तळमजल्यावरच्या एका खोलीत आणखी चारपाच बॅचलर मंडळींबरोबर त्यांची एक कॉट होती. बॅचलर हा तिकडचा शब्द. बायको-मुलं गावाला असली तरी तिकडे माणूस बॅचलरच. परकारभाई दोन मुलींचे बाप होते आणि दाढी पांढरी व्हायला लागली होती, तरी ते बॅचलर.

पाणी हवं होतं ते मोटारसायकलीसाठी. तेव्हाचं अजमानचं नळाचं पाणी मचूळ. त्याने गाडी धुतली की वाळल्यावर टाकीवर आणि चकचकीत पाइपांवर पांढरे डाग उमटायचे. एसीचं पाणी म्हणजे हवेतून गळालेलं, त्यात मीठ नाही की डाग नाही. परकारभाईंनी बिल्डिंगच्या मागच्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांना अशा नळ्या लावल्या होत्या, आणि प्रत्येक नळीखाली एक रंगाचा रिकामा डबा. ड्युटीवरून आले, असरची, तिसऱ्या प्रहरची, नमाज झाली, की ते डबा डबा फिरत पाणी गोळा करायचे.

गाडी जपानी, लाल टाकीची. तेव्हा तिकडे मोटारसायकल फारशी कुणाकडे नसायची. पिझ्झा पोचवणाऱ्या पोरांकडे असायची, किंवा शौकीन अरबांकडे. स्टोअरकीपरकडे असायचं काही कारण नव्हतं. ती आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची, त्यामुळे मी पोळ्या लाटताना रोज हा सोहळा बघायचे. माझ्यापुढे दुसरी करमणूक होती कुठे? टीव्हीवर बातम्या अरबीत, आणि हे घरी येणार ते शारजाच्या ट्रॅफिकमधून नऊ वाजता.

आधी वरून झारीतून सोडल्यासारखं हळूहळू पाणी ओतायचं. फडक्याने धुळीला हात लावायचा नाही. एकदा वॉचमनने प्रेमाने कोरड्या फडक्याने टाकी पुसून दिली, तर परकारभाई त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. तिथली धूळ म्हणजे पिठासारखी बारीक वाळू. ती फडक्यात धरून घासलं की रंगावर ओरखडे. "आधी पाणी, मग हात," हे त्यांचं वाक्य. पुढे ते त्यांनी मला तांदूळ धुण्यापासून माणसं जोडण्यापर्यंत कशालाही लावून दाखवलं. मग साबणाचं पाणी, मग पुन्हा साधं पाणी, मग बनियन. फडकी म्हणजे जुनी सुती बनियनं, चार पावसाळे पाहिलेली, मऊ. बिल्डिंगमधल्या यच्चयावत पुरुषांची फाटकी बनियनं मागून आणलेली असायची. टाकीचं बनियन वेगळं, चाकांचं वेगळं, आणि त्यांची अदलाबदल नाही. आमच्या यांचं बनियन टाकीसाठी निवडलं गेलं तेव्हा मला उगीचच अभिमान वाटला होता. शेवटी दात घासायच्या ब्रशने चाकाच्या तारा, चेनला तेल, आणि लावलेलं तेल परत पुसून काढणं, कारण ओल्या तेलाला वाळू चिकटते. हे सगळं होईतो मगरिबची, सूर्यास्ताची, बांग व्हायची. मग वर कापडी झूल.

आणि गाडी चालवायचे कधी? तीच तर गंमत. चालवायचेच नाहीत. एवढी अंघोळ होऊन गाडी दुसऱ्या दिवशी जिथल्या तिथे. रात्री समुद्रावरून दमट हवा यायची, पहाटे झुलीखालूनही गाडीला घाम फुटायचा, दिवसा त्यावर धूळ बसायची, की संध्याकाळी पुन्हा डबे. परकारभाई स्वतः यार्डात जायचे ते कंपनीच्या बसने.

"अहो, मग घेतली कशाला?" मी एकदा खिडकीतूनच विचारलं.

"लागेल वैनी."

"कधी?"

"इन्शाल्ला," असं म्हणून ते चाकापाशी वाकले. इन्शाल्लाला पुढे प्रश्न विचारता येत नाही, हे मला तिथे राहून कळलं होतं.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. मी त्या नऊ दिवसांची वाट बघत राहिले. सई केजीतून पहिलीत गेली, दुसरीत गेली, तरी ते संपले नाहीत.

सीटवर कंपनीचं प्लॅस्टिक तसंच होतं. आमच्या कोकणातल्या गल्फवाल्यांची ही खोडच आहे. सोफा घेतील, टीव्ही घेतील, त्यावरचं प्लॅस्टिक काढणार नाहीत. पण परकारभाईंनी ते अर्धं काढलं होतं. पुढच्या, चालवणाऱ्याच्या भागावरचं ब्लेडने सरळ रेषेत कापलेलं, मागच्या सीटवरचं शाबूत. वर्षं गेली तसं ते पिवळं पडत गेलं, पण कुठे फाटलं नाही.

त्या मागच्या सीटवर ते कुणालाही बसू देत नसत. हे मला यांच्या फजितीमुळे कळलं. एका सकाळी यांना दुबईला नेणारी कारलिफ्ट आलीच नाही, आणि ऑफिसात त्या दिवशी मोठे साहेब येणार होते. हे धावत खाली गेले. परकारभाई सुट्टीमुळे शेडमध्येच होते. "परकारभाई, मला जरा शारजाला, रोलाच्या बसस्टॉपपर्यंत सोडा ना."

परकारभाईंनी किल्ली काढून यांच्या हातात ठेवली. "तुम्ही न्या साब. तुम्ही चालवा."

"मला चालवता येत नाही हो. मी मागे बसतो."

परकारभाईंनी किल्ली परत घेतली. मग म्हणाले, "एक मिनिट," आणि लुंगीवरच रस्त्याकडे पळत सुटले. भर उन्हात कुठूनतरी टॅक्सी पकडून आणली, यांना बसवलं, आणि टॅक्सीवाल्याचे पैसेही देऊ लागले. हे संतापले. संध्याकाळी मला म्हणाले, "त्या सीटवर काय कुठली राणी बसणार आहे का?" पुढे महिनाभर बनियन द्यायलाही नकार होता.

राणी बसणार होती, हे मला गाडी नीट बघितल्यावर कळलं. गाडीच्या डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या वर, एक लोखंडी पट्टी बसवलेली होती. आपल्याकडच्या मोटारसायकलींना असते तशी, साडीतल्या बायकांना एका अंगाने बसून पाय ठेवायला. तिकडच्या गाड्यांना ती नसतेच. त्या मुलखात तसं कुणी बसत नाही. परकारभाईंनी ती चिपळूणच्या एका गॅरेजमधून विकत घेतली, चादरीत गुंडाळून विमानातून आणली, विमानतळावर तपासणाऱ्या पोलिसाला हातवारे करून ती कशाची ते समजावलं, आणि मग इंडस्ट्रियल एरियातल्या एका पठाण वेल्डरकडून गाडीला जोडून घेतली. पठाणालाही समजावून सांगावंच लागलं. "बोललो, लेडीज बैठती है. तो बोलला, कौन लेडीज? मी बोललो, तू वेल्डिंग कर."

"कोण लेडीज?" मीही विचारलं.

परकारभाई लाजले. त्या वयाचा माणूस लाजलेला मी फारसा पाहिलेला नाही. टाकीवरचं बनियन घेऊन ते उगीच आरसा पुसायला लागले. "शबानाची अम्मी," म्हणाले.

शबाना त्यांची थोरली. तिची अम्मी म्हणजे त्यांची बायको, रुकय्या. बायकोचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पण त्या दिवशी तुकड्यातुकड्याने गोष्ट बाहेर आली. लग्नानंतर सव्वा महिन्यात ते गल्फला आले. मग दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी, हा नेम. गावचं घर भरलेलं. आई-बाप, भाऊ-भावजया, पोरंबाळं. बायकोशी चार शब्द बोलायचे तर विहिरीवर. पहिल्या सुट्टीत मामाची मोटारसायकल मागून त्यांनी तिला एकदा दाभोळच्या बाजूला फिरवून आणलं. घाटात दोघंच. "तेवढं एकच वैनी," ते म्हणाले. "लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, आणि तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला असं वाटलं. बोलतच ऱ्हायली. मागे बसून माणूस बोलतो, तोंड दिसत नाय ना, म्हणून." पुढे मामाची गाडी विकली गेली आणि ते बोलणंही राहिलं. म्हणून इथे गाडी घेऊन ठेवली. बायको व्हिजिट व्हिसावर आली की कॉर्निशला, समुद्रकाठच्या रस्त्याला, न्यायचं, मसफूतच्या डोंगरात न्यायचं, आणि गाडी अशी हवी की तिला वाटलं पाहिजे, आपल्यासाठी नवीकोरी ठेवलीय.

"त्यांना माहीत आहे गाडीचं?"

"नाय नाय. फोनवर एवढंच बोललोय, तुझ्यासाठी एक चीज घेऊन ठेवलीय, आलीस की दाखवीन."

ती येणार होती पुढच्या हिवाळ्यात. तो हिवाळा आला तेव्हा परकारभाईंची आई अंथरुणाला खिळली. सुनेशिवाय तिचं पान हलेना. म्हातारी बरीच वर्षं खिळून होती. मग शबानाचं लग्न. मग धाकटीचं जमता जमेना. मग जमलं. मग शबानाचं बाळंतपण. दर वर्षी ऑक्टोबर आला की परकारभाई मला सांगायचे, "वैनी, या टायमाला पक्कं," आणि डिसेंबरात नुसती मान हलवायचे. मी कारण विचारायची नाही. कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथमध्ये गुरुवारी कार्ड घालून उभे असलेले दिसायचे, आणि बाहेर आले की चालण्यावरूनच कळायचं.

मधल्या काळात एकदा गाडी चालूच होईना. मेकॅनिक आला, बघितलं, आणि हसायला लागला. टायरला भेगा, बॅटरी मेलेली, टाकीतलं पेट्रोल शिळं. तो म्हणाला, "चाचा, ये गाडी बीमार नहीं है, बैठे बैठे मर रही है." परकारभाईंना हे फार लागलं. त्यांनी टायर बदलले आणि तेव्हापासून दर शुक्रवारी जुम्म्यानंतर गाडी बाहेर काढायला लागले. कॉर्निशच्या टोकापर्यंत जायचं, न थांबता परत. एवढ्याशा चकरेनंतर धुणं मात्र दुप्पट. त्यांच्या डोक्यावर एक हेल्मेट, आणि दुसरं, नवं, खोलीत कॉटखाली पिशवीत.

एसीच्या पाण्यामुळे त्यांना आमच्या घरातलं सगळं कळायचं. "काल रात्री एसी बंद होता वैनी. बेबीला ताप हाय काय?" मला आधी याचा रागच यायचा. आमच्या खाजगी आयुष्याचा हिशेब कुणी डब्यात मोजावा हे काय? पण एकदा सईला खरंच रात्रभर ताप होता, हे दौऱ्यावर, आणि सकाळी दार उघडलं तर पायरीवर शहाळी. मग रागावणं सोडून दिलं.

जुलै-ऑगस्टात आम्ही बायका-मुलं भारतात यायचो. सगळ्याच बिल्डिंगी तेव्हा ओस पडतात. मागे राहिलेल्या यांनी एकदा पुण्याला फोनवर सांगितलं, "तुझे परकारभाई संध्याकाळी डबे उचलून बघत फिरतात. सगळे कोरडे. माझा एकट्याचाच काय तो भरतो. आज मला म्हणाले, साब, जरा जास्त टाइम चालू ठेवा." यांनी हे विनोद म्हणून सांगितलं. मीही हसले. मग आईच्या घरात, दहा माणसांच्या गलक्यात, रात्रीचं जेवण मला जाईना. त्या वर्षी परत गेलो तर आम्ही सामान वर चढवून एसी लावून अर्धा तास झाला नसेल, खालून हाक आली, "आलात काय वो वैनी?" दार-खिडक्या बंद होत्या. नळी ठिबकायला लागली होती, तेवढ्यावरून.

आणि मग ती खरंच आली.

आमची सई तेव्हा दातांना तारा लावून नाकावर राग घेऊन फिरायच्या वयात आली होती. दुसऱ्या मजल्यावरचं हैदराबादी कुटुंब लग्नासाठी गावी निघालं होतं, त्यांनी महिन्यासाठी घराची किल्ली परकारभाईंना दिली. नोव्हेंबर महिना. परकारभाईंनी दाढी रंगवली. मी ते बघूनही न बघितल्यासारखं केलं. येण्याच्या दिवशी सकाळपासून गाडी धुणं चाललं होतं, आणि दुपारी मी खिडकीतून बघितलं तर ते मागच्या सीटवरचं ते पिवळं प्लॅस्टिक काढत होते. कडेने हळूहळू, नखाने, जखमेवरची पट्टी काढावी तसं. आतली सीट काळी कुळकुळीत निघाली. प्लॅस्टिक त्यांनी घडी घालून कचऱ्यात टाकलं.

टॅक्सी आली तेव्हा मी सईला घेऊन मुद्दाम खाली गेले होते. एवढी वर्षं ज्या बाईची वाट बघितली तिला बघायचा माझाही हक्क होता. रुकय्याभाभी उतरल्या त्या दाराला धरून. अंगाने स्थूल, काळा बुरखा, चेहरा उघडा आणि गोड. एक पाय टेकवताना ओठ आवळले गेले. गुडघे गेलेले होते, ते लगेच कळत होतं.

परकारभाईंनी बॅग उतरवली नाही, भाडं दिलं नाही. ते जाऊन गाडीशेजारी उभे राहिले. प्रगतिपुस्तक आईपुढे धरून मुलगा उभा राहतो तसे. गाडी उन्हात झळकत होती.

भाभींनी बघितलं. "ही कुणाची?"

"आपली."

त्या लंगडत जवळ आल्या. टाकीवरून बोट फिरवलं. सीट दाबून बघितली. मग नवऱ्याकडे बघून काळजीने म्हणाल्या, "आता या वयात नवी गाडी कशाला वो घेतलीत?"

"अशीच," ते म्हणाले, आणि टॅक्सीच्या डिकीतून बॅग काढायला वळले.

सई माझ्या कानात म्हणाली, "ममा, व्हाय डझन्ट ही टेल हर?" मी तिला गप्प केलं, पण माझं स्वतःचं अंग जळत होतं. एका माणसाने एवढी वर्षं रोज संध्याकाळ ओतून जे केलं, ते इतकं चांगलं केलं की दिसलंच नाही. एक जरी ओरखडा असता तरी बाईला कळलं असतं. ते पिवळं प्लॅस्टिक तरी ठेवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परकारभाई ड्युटीवर गेल्यावर भाभी माझ्याकडे आल्या, सोडे आणि कोकमं घेऊन. मी चहा टाकला, आणि पाण्याला उकळी यायच्या आत सगळं सांगून टाकलं. नळ्या, डबे, बनियनं, चिपळूणची पट्टी, प्लॅस्टिक. आगाऊपणा होता, मला मान्य आहे, पण मला राहवेना. "भाभी, ती गाडी नवी नाही. माझी पोर केजीत होती तेव्हापासून तुमच्यासाठी उभी आहे."

भाभींनी हातातली कोकमांची पुडी ओट्यावर ठेवली. मग त्या खिडकीतून शेडकडे बघू लागल्या.

"फोनवर बोलायचे," त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी एक चीज ठेवलीय. मला वाटलं, सोनं. दुबईवाला बायकोला दुसरं काय दाखवणार? आमच्या वाडीत सगळ्यांचे तेच आणतात. मी मनात बोलले, सोनं काय, ठेवलं तिथं ऱ्हातंय. घाई कशाला? सासूचं काढू, पोरींचं काढू, मग जाऊ." त्यांनी ओढणीने डोळे पुसले. "मोटारसायकल हाय असं बोलले असते तर आले असते वो. सासूला जावेच्या हवाली करून आले असते. तवा गुडघे होते माझे."

चहा उतू गेला.

जाताना दारात त्यांनी माझा हात धरला. "सोन्याचं त्यांना सांगू नका हां." मी नाही सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी जुम्मा झाल्यावर दोघं खाली आले. परकारभाईंनी गाडी धुवायला बसायचा लाकडी खोका गाडीशेजारी ठेवला. मी एक हात धरला, वॉचमनने गाडी धरली, आणि भाभी खोक्यावर चढल्या. चढताना त्या इतक्या जोरात कण्हल्या की परकारभाई घाबरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे, नको." "गप ऱ्हावा तुम्ही," भाभी म्हणाल्या, आणि बसल्या. एका अंगाने, चिपळूणच्या पट्टीवर दोन्ही पाय. ओढणीवर ते कॉटखालचं हेल्मेट. सई तोंड दाबून हसत होती. तेव्हा खरंच बघण्यासारखं ध्यान दिसत होतं. गाडी निघाली ती चालत्या माणसाच्या वेगाने. रस्त्याच्या वळणावर मी बघितलं, भाभींचं हेल्मेट परकारभाईंच्या पाठीला टेकलं होतं आणि हलत होतं. बोलत होत्या.

मगरिब होऊन गेल्यावर परत आले. कॉर्निशला उतरून वाळूत थोडं चालले म्हणे. चपला वाळूने भरलेल्या होत्या. परकारभाईंनी त्या दिवशी गाडी धुतली नाही, नुसती झूल घातली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच असं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी भाभींचा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. डॉक्टरने जिनासुद्धा बंद केला. उरलेले दिवस त्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसून असायच्या आणि परकारभाई खाली शेडमध्ये गाडी धुवायचे. दोघं एकमेकांकडे बघायची नाहीत फारसं. अधूनमधून वरून आवाज यायचा, "चाकाला लावलंत काय वो?" आणि खालून, "लावलं." मसफूतचे डोंगर राहिले. व्हिसा संपला, शबानाचं दुसरं बाळंतपण आलं, भाभी गेल्या.

"तुम्हीही आता कायमचे जा ना," मी परकारभाईंना म्हटलं. "आता कुणासाठी थांबलात?"

"जाणार वैनी. खलास. पुढच्या वर्षी," ते म्हणाले. असं म्हणणारी माणसं तिकडे प्रत्येक बिल्डिंगीत असतात. आम्हीही म्हणायचो.

पुढच्या वर्षी ते गेले नाहीत, आम्हीच गेलो. यांना अबुधाबीत नोकरी लागली. सामानाचा पिकअप खाली उभा होता आणि मी रिकाम्या घरातून शेवटची फिरून येत होते, तेव्हा बेडरूमच्या खिडकीबाहेर ओळखीची खरखर झाली. शिडीवर परकारभाई. आमच्या एसीची नळी सोडवत होते.

"नवे भाडेकरू येईपर्यंत ऱ्हाऊ दे की," मी म्हटलं.

"कोण येईल, कसे येतील, काय मालूम. परत विचारून लावीन," ते म्हणाले. तार दातांत होती, म्हणून आवाज घोगरा येत असेल.

आम्ही खाली आलो तेव्हा ते शेडमध्ये खोक्यावर बसले होते. दाढी पुन्हा पांढरी झाली होती. गाडी तशीच, आत्ता कारखान्यातून आल्यासारखी. मी निरोप घ्यायला जवळ गेले आणि माझं लक्ष डाव्या बाजूच्या पट्टीकडे गेलं. सगळी गाडी आरशासारखी आणि त्या पट्टीवर वाळू. तेलात बसून घट्ट झालेली, जुनी, चपलेच्या कडेची रेघ उठलेली.

"परकारभाई, हे राहिलं बघा तुमचं," मी सवयीने म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला समजलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

सईने हाक मारली, "ममा, यल्ला, चल ना." पिकअप सुरू झाला होता. मी पुढच्या सीटवर बसले आणि मागे वळून बघितलं. परकारभाई उठले होते. शेवटच्या डब्यातलं, आमच्या एसीचं, पाणी ते उजव्या हाताने मागच्या सीटवर हळूहळू ओतत होते. डावा हात त्यांनी त्या पट्टीवर आडवा धरला होता, तिच्यावर पाणी उडू नये म्हणून.